ॲस्बेस्टॉस काढणाऱ्या कंत्राटदारांचा परवाना (ब्रिटन): दंड, नोटिसा आणि परवाना नेमका कशाने जातो

गच्चीवरची (धागाकर्ती)

घरदुरुस्तीच्या धाग्यांवर ॲस्बेस्टॉस निघालं की दोन वाक्यं हटकून येतात. "पकडले तर दंड भरायचा, अजून काय?" आणि "परवाना काय, अर्ज केला की मिळतो." दोन्ही वाक्यं इतक्यांदा खोडून झाली आहेत की आता वेगळा धागाच काढते. चौकट मी मांडते. साइटवरचं, कोर्टातलं आणि इतर देशांतलं ज्यांना पक्कं ठाऊक आहे त्यांनी भर घालावी. किस्से नकोत, तपशील द्या.

आज लागू आहेत ते 'कंट्रोल ऑफ ॲस्बेस्टॉस रेग्युलेशन्स २०१२'. त्यांच्यामागचा मूळ कायदा १९७४ चा 'हेल्थ अँड सेफ्टी ॲट वर्क ॲक्ट'. परवान्याची पद्धत या २०१२ च्या नियमांहून जुनी, १ ऑगस्ट १९८४ पासूनची. निळं आणि तपकिरी ॲस्बेस्टॉस १९८५ मध्ये बंद झालं आणि पांढरं १९९९ मध्ये, त्यामुळे २००० च्या आधीची कुठलीही इमारत संशयितच धरायची. परवाना एचएसई (हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्ह, ब्रिटनची कामगार-सुरक्षा संस्था) देते, जास्तीत जास्त ३ वर्षांसाठी.

कंत्राटदार चुकला तर तीन बाजूंनी कारवाई होऊ शकते, आणि एक चालू आहे म्हणून दुसरी थांबत नाही.

पहिली नोटिसांची. सुधारणा-नोटीस आली तर किमान २१ दिवसांची मुदत असते आणि तितक्याच दिवसांत एम्प्लॉयमेंट ट्रायब्युनलकडे अपील करता येतं. अपील केलं की सुधारणा-नोटीस निकालापर्यंत थांबते. मनाई-नोटिशीचं तसं नाही: काम त्या क्षणी बंद, अपील केलं तरी ट्रायब्युनलने वेगळा आदेश देईपर्यंत बंदच. मनाई-नोटीस मोडणं हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्यात तुरुंग होऊ शकतो.

दुसरी खटल्याची. इंग्लंड-वेल्समध्ये एचएसई स्वतः खटला भरते. स्कॉटलंडमध्ये ती फक्त अहवाल देते, खटला प्रोक्युरेटर फिस्कल, म्हणजे तिथला सरकारी वकील, चालवतो.

तिसरी परवान्याची: मुदत कमी करणं, अटी घालणं, नूतनीकरण नाकारणं, रद्द करणं. धंदा संपतो तो इथे.

शिवाय एक भुर्दंड आहे, ज्याला कोणी शिक्षा म्हणत नाही. ऑक्टोबर २०१२ पासून, ठोस नियमभंग आढळला की निरीक्षकाच्या वेळेचं तासावारी बिल कंपनीला जातं. सुरुवातीला दर तासाला १२४ पौंड होता, नंतर तो चढतच गेला. पत्रं लिहिणं, फोटो तपासणं, पुन्हा भेट देणं, सगळे तास त्यात.

सुतळी

मुद्दा कळला, पण आकडे द्या की. "मोठा दंड" म्हणजे किती मोठा?

ताम्हण

आकडे देतो. १२ मार्च २०१५ पासून इंग्लंड-वेल्समध्ये मॅजिस्ट्रेट कोर्टालाही दंडाची कमाल मर्यादा राहिलेली नाही. क्राउन कोर्टात (गंभीर खटल्यांचं वरचं कोर्ट) व्यक्तीला २ वर्षांपर्यंत कैद. पण "अमर्याद" या शब्दावरून काही अंदाज येत नाही. खरा हिशोब शिक्षेच्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे, जी १ फेब्रुवारी २०१६ पासून लागू झाली.

आधी कंपनीचा दोष किती ते ठरतं: अति, जास्त, मध्यम, कमी. मग धोक्याची श्रेणी १ ते ४. त्यानंतर वार्षिक उलाढालीवरून कंपनीचा आकार: २० लाख पौंडांपर्यंत सूक्ष्म, १ कोटीपर्यंत लहान, ५ कोटींपर्यंत मध्यम, त्यापुढे मोठी.

धोक्याच्या श्रेणीत ॲस्बेस्टॉसवाले फसतात. कोणाला इजा झाली हे सिद्ध करावं लागत नाही, कारण गुन्हा धोका निर्माण करण्याचा आहे. "आयुर्मान लक्षणीय घटवणारा आजार" हा सर्वांत वरच्या पातळीत मोडतो आणि मेसोथेलिओमा (ॲस्बेस्टॉसमुळे होणारा, फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग) म्हणजे तेच. म्हणजे धोक्याचं गांभीर्य जवळजवळ आधीच ठरलेलं. उरतो एकच वाद, शक्यता जास्त होती, मध्यम की कमी. बचावाचा वकील सगळा जोर तिथे लावतो: किती वेळ, किती माणसं, हवेत तंतू किती, मास्क होता का. जास्त असेल तर श्रेणी १, मध्यम तर २, कमी तर ३.

आता सूक्ष्म कंपनी घ्या, चार-सहा माणसांची. दोष जास्त, श्रेणी २: सुरुवातीचा आकडा ५४,००० पौंड. श्रेणी १ असती तर १,६०,०००. दोष अति आणि श्रेणी १ असेल तर २,५०,०००. हाच अति दोष आणि श्रेणी १ लहान कंपनीला ४,५०,०००, मध्यमला १६ लाख आणि मोठीला ४० लाख पौंड. इथून पुढे कमी-जास्त होतं. आधीची शिक्षा, पैसे वाचवण्यासाठी केलेली तडजोड, नोटीस मिळूनही दुर्लक्ष याने वाढतो. सहकार्य आणि स्वच्छ पूर्वेतिहास याने घटतो. पहिल्याच संधीला गुन्हा कबूल केला तर एक तृतीयांश सूट, म्हणजे ५४,००० चे ३६,०००. वर खटल्याचा खर्च वेगळा.

ज्यांची उलाढाल १५ लाख आणि नफा ६० हजार, त्यांच्यासाठी ३६,००० म्हणजे वर्षाचा निम्म्याहून जास्त नफा गेला. तरी कंपनी जगते. परवाना गेला तर जगत नाही.

पागोळी

एक बाळबोध प्रश्न. आमच्या भाड्याच्या घरामागे गॅरेज आहे, त्यावर सिमेंटचे पत्रे. ते काढायलाही परवानावाला लागतो का? घरमालक म्हणतो "सगळ्याला लागतो", त्याचा माणूस म्हणतो "कशालाच लागत नाही".

गच्चीवरची

@पागोळी, प्रश्न बाळबोध नाही. बरेच खटले याच गोंधळातून सुरू होतात. दोघेही चुकीचे आहेत.

परवाना लागतो तो मुख्यतः तीन गोष्टींना: पाइप-बॉयलरवरचं लॅगिंग (उष्णता रोखणारं वेष्टण), फवारलेला थर, आणि एआयबी म्हणजे ॲस्बेस्टॉस इन्सुलेटिंग बोर्ड. तिन्ही ठिसूळ, हात लावला की तंतू सुटतात. फवारलेल्या थरात ॲस्बेस्टॉसचं प्रमाण ८५ टक्क्यांपर्यंत जातं. सिमेंटच्या पत्र्यात ते साधारण १० ते १५ टक्के असतं आणि सिमेंटने घट्ट धरलेलं असतं, म्हणून चांगल्या स्थितीतला पत्रा अख्खा उतरवायला परवाना लागत नाही. नियम मात्र सगळे लागतात: प्रशिक्षण, ओला करणं, न फोडणं, दुहेरी वेष्टण, घातक कचऱ्याची पावती. छतावरचा खरबरीत रंगाचा थर आधी परवान्याखाली होता, २००६ च्या नियमांनी बाहेर काढला.

मधला एक वर्ग आहे, विनापरवाना पण कळवण्याजोगं काम. एप्रिल २०१२ पासूनचा. काम सुरू करण्याआधी ऑनलाइन कळवायचं, कामगाराची दर ३ वर्षांनी वैद्यकीय तपासणी, नोंदी ४० वर्षं. फुटके, झिजलेले पत्रे बहुधा या वर्गात जातात.

एआयबीवर अगदी छोटं काम असेल तर सवलत आहे: एका माणसाने ७ दिवसांत १ तासापेक्षा जास्त नाही, आणि सगळ्यांचा मिळून २ तासांपेक्षा जास्त नाही. या २ तासांत तयारी आणि साफसफाईही धरायची असते. ही सवलत ताणून अख्खी छतं उतरवणारे लोक आहेत, आणि "आम्ही तुकड्या-तुकड्याने केलं" हा बचाव कोर्टात टिकत नाही.

तिरका_स्पॅनर

पत्रा आणि एआयबी यांतला फरक डोळ्यांनी ओळखू नका. रंग दिला की दोन्ही सारखेच दिसतात. बोर्डावर टकटक केली की कळतं म्हणणाऱ्यापासून लांब राहा. नमुना, प्रयोगशाळा, मग निर्णय.

आता साइटवर माती कुठे खाल्ली जाते ते. परवान्याच्या फाइलीत जमा होतं ते हेच.

एन्क्लोजर, म्हणजे कामाच्या जागेभोवती उभारलेला बंदिस्त तंबू. १००० गेजचं पॉलिथिन, म्हणजे २५० मायक्रॉन. माणसांसाठी तीन कप्प्यांचा एअरलॉक, पिशव्यांसाठी तीन कप्प्यांचा वेगळा बॅगलॉक. जागा असेल तर प्रत्येक कप्पा १ मीटर बाय १ मीटर बाय २ मीटर उंच. बाहेरून आत दिसेल अशी पारदर्शक खिडकी, किमान ६०० बाय ३०० मिलिमीटर. निरीक्षक आला की पहिला खिडकीपाशी जातो, कारण तिथून आत न जाता सगळं दिसतं. खिडकीसमोर पिशव्यांची थप्पी लावलेली असेल तर त्याला काय वाटतं ते सांगायला नको.

दाब. आतला दाब बाहेरपेक्षा ५ पास्कलने तरी कमी हवा आणि तासाला किमान ८ वेळा हवा बदलायला हवी. १२० घनमीटरपेक्षा लहान एन्क्लोजर असेल तर किमान १००० घनमीटर प्रतितास. इथे गणित चुकतं ते असं: हवा ओढणाऱ्या मशीनवर छापलेला आकडा नवीन फिल्टरचा असतो. प्रीफिल्टर धुळीने भरला, नळी लांबवली, दोन वळणं दिली की प्रवाह घटतो. मशीन गुरगुरत असतं आणि पॉलिथिन आत ओढलं जायच्या ऐवजी सैल लोंबत असतं. बाहेर उभं राहून ताडपत्रीकडे पाहिलं तरी समजतं. फिल्टरची तपासणी दर ६ महिन्यांनी, नोंद ५ वर्षं.

धुराची चाचणी. हवा ओढणारं मशीन बंद ठेवून एन्क्लोजर धुराने भरायचं आणि बाहेरून सगळीकडे बघायचं: छताच्या फटी, केबलची भोकं, वरचा मजला, शेजारची खोली. मशीन चालू ठेवून धूर सोडणारे महाभाग असतात. धूर मशीन गिळतं, गळती दिसत नाही, कागदावर मात्र "उत्तीर्ण". वरच्या मजल्यावर माणूसच पाठवला नसेल तर चाचणी झालीच नाही असं धरा.

ओलं करणं. भरपूर नोटिसा ज्यावरून येतात ती गोष्ट. लॅगिंगमध्ये सुयांतून सर्फॅक्टंट (पाणी मुरायला मदत करणारं रसायन) घातलेलं पाणी कमी दाबाने सोडत राहायचं, आतपर्यंत मुरू द्यायचं. काढताना ते भिजवलेल्या कणकेसारखं यायला हवं. घाई असली की काय होतं? वरून फवारा मारतात, कवच ओलं, आत कोरडं ठणठणीत. करवत लावली की ढग. दाब जास्त ठेवला तर पाणी फटीतून वाहून जातं आणि लॅगिंग कोरडंच. मुरायला लागणारे तास कामाच्या योजनेत धरलेलेच नसतात, हे त्याचं मूळ. एआयबीचं वेगळं: स्क्रू शोधून काढायचे, शेजारी एच वर्गाच्या (घातक धुळीसाठीच्या) व्हॅक्यूमचं तोंड धरायचं. पहार घालून बोर्ड तोडला की सगळं बिघडलं.

आंघोळ. डीकंटॅमिनेशन युनिट म्हणजे आंघोळीची गाडी साइटवर सगळ्यात आधी येते आणि सगळ्यात शेवटी जाते. घाणेरडा कप्पा, शॉवर, स्वच्छ कप्पा. ती एन्क्लोजरला जोडलेली असावी. जोडता येत नसेल तर मधल्या रस्त्यासाठी कपडे बदलण्याची वेगळी पद्धत. गरम पाणी बंद, गॅस संपलेला, जनरेटर नाही म्हणून कामगार तसाच चहाला गेला, तर हे निरीक्षकाला कॅन्टीनमध्ये कळतं. केस कोरडे असतात.

सुतळी

@तिरका_स्पॅनर "केस कोरडे" हे भारी. पण एक शंका. या सगळ्या कामगारांच्या चुका झाल्या. मालकाचा परवाना त्याने का जावा? सुपरवायझरला काढून टाकलं की झालं.

ताम्हण

हाच युक्तिवाद सर्वाधिक केला जातो आणि सर्वाधिक हरतो. परवाना कंपनीच्या व्यवस्थापनाला दिलेला असतो. लॅगिंग कोरडं निघालं, तर प्रश्न असा की योजनेत मुरायला किती तास लिहिले होते, तो दर आणि ती मुदत कोणी कबूल केली, आणि शेवटचं अंतर्गत ऑडिट कधी झालं. सुपरवायझर बळीचा बकरा ठरला की परवान्यासाठी मूल्यमापन करणाऱ्या निरीक्षकाला उलट संशय येतो.

खटल्यातही १९७४ च्या कायद्याचं कलम ३७ आहे. संचालक किंवा व्यवस्थापकाच्या संमतीने, संगनमताने किंवा दुर्लक्षाने गुन्हा घडला तर तो स्वतः आरोपी. "दुर्लक्ष" हा शब्द रुंद आहे. शिवाय १९८६ च्या कायद्याखाली संचालकपदाला बंदी: मॅजिस्ट्रेटकडून ५ वर्षांपर्यंत, क्राउन कोर्टाकडून १५ वर्षांपर्यंत.

गच्चीवरची

कागदांबद्दल मी लिहिते, कारण साइट चकाचक आणि फाइल गचाळ अशाही कंपन्या अडकतात.

एएसबी-५ ही कामाची सूचना, काम सुरू होण्याच्या १४ दिवस आधी. रेल्वेच्या जागी रेल्वे-नियामकाकडे, दुकानं-कार्यालयांसारख्या काही जागी स्थानिक परिषदेकडे, बाकी एचएसईकडे. जागा, तारखा, पदार्थ, पद्धत, माणसं सगळं त्यात. बदल झाला की पुन्हा कळवायचं. नेहमीची चूक म्हणजे तारखा. ग्राहक "दोन दिवस आधी या" म्हणतो, हे जातात. निरीक्षक सूचनेतल्या तारखेला पोहोचतो तर काम उरकलेलं. किंवा उलट: तारीख लोटली तरी काही सुरूच नाही, आणि कळवलेलंही नाही. अचानक भेट देता यावी म्हणून तर ती सूचना घेतात. तारखांशी खेळणं म्हणजे तपासणी चुकवणं, असाच अर्थ काढला जातो.

कामाची योजना साइटवर, त्या साइटची. आधीच्या शाळेची योजना उचलून रुग्णालयासाठी वापरली की नकाशात जिना भलतीकडे निघतो. कामात बदल झाला तर योजनेत बदल, मग काम. उलट क्रमाने केलं की "योजनेबाहेरचं काम".

परवान्याच्या कामाला वैद्यकीय तपासणी दर २ वर्षांनी. प्रशिक्षणाची उजळणी दरवर्षी. मास्क चेहऱ्याला बसतो का याची चाचणी माणसागणिक आणि मास्कागणिक. दाढीचे खुंट असतील तर घट्ट बसणाऱ्या मास्कची चाचणी वाया. मास्कची तपासणी महिन्याला. आरोग्याच्या नोंदी ४० वर्षं, कारण आजार दिसायला तितकी वर्षं लागू शकतात.

एक धोक्याची सूचना. विसरलेली तपासणी हा नियमभंग. ती झाली असं मागाहून रजिस्टरात लिहिणं हा १९७४ च्या कायद्याखाली वेगळा गुन्हा. एकाच पेनाने, एकाच दिवशी भरलेलं महिनाभराचं रजिस्टर ओळखायला तज्ज्ञ लागत नाही.

वडाची_पारंबी

परवाना रद्द होण्याची प्रक्रिया कोणी सांगेल का? थेट पत्र येतं?

ताम्हण

सहसा एका घटनेवरून नाही. चित्र साचत जातं: साइट-भेटींचे अहवाल, नोटिसा, शिक्षा. नूतनीकरणाच्या वेळी मूल्यमापन करणारा निरीक्षक ही फाइल घेऊनच मुलाखतीला बसतो. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या किमान ३ महिने आधी द्यावा, नाहीतर मध्ये खंड पडतो आणि खंडात केलेलं काम म्हणजे विनापरवाना काम.

मुलाखतीत कायद्याची कलमं पाठ म्हणायला सांगत नाहीत. "गेल्या नोटिशीनंतर तुम्ही काय बदललं?" असं विचारतात. "सगळ्यांना सूचना दिल्या" हे उत्तर नापास. "योजनेच्या साच्यात मुरण्याच्या तासांची ओळ घातली, ती रिकामी असेल तर व्यवस्थापक सही करत नाही, त्यानंतरच्या साइटची ऑडिटं ही पाहा" हे पास होण्याजोगं.

निकाल वेगवेगळे येतात. पूर्ण मुदत, कमी मुदत, जादा अटी, नकार. चालू परवाना मध्येच रद्दही करता येतो. या निर्णयांवर अपील कोर्टात जात नाही, ते १९७४ च्या कायद्याच्या कलम ४४ खाली मंत्र्यांकडे जातं. अनेक जण याच चुकीच्या दारात उभे राहतात: नोटिशीचं अपील ट्रायब्युनलकडे, शिक्षेचं वरच्या कोर्टाकडे, परवान्याचं मंत्र्यांकडे.

आणि परवाना हस्तांतरित होत नाही. कंपनी विकली, बुडवली, नव्या नावाने काढली, तर नवा अर्ज. पाटी नवी असली तरी माणसांचा इतिहास मागे येतो.

सुतळी

पण मग मार्क्स अँड स्पेन्सरच्या खटल्यात काय झालं? दुकानदाराला १० लाख आणि परवानाधारक कंत्राटदाराला २०० पौंड. दोन शून्यं गळली नाहीत ना?

ताम्हण

आकडा बरोबर आहे. रीडिंगच्या दुकानाचं नूतनीकरण चालू असताना छतातल्या ॲस्बेस्टॉसबाबत कसूर झाली. सप्टेंबर २०११ मध्ये शिक्षा: मार्क्स अँड स्पेन्सरला १० लाख पौंड दंड आणि ६ लाख खर्च. मुख्य कंत्राटदार स्टाइल्स अँड वुडला १ लाख. ॲस्बेस्टॉस काढणारी पीए रिअलायझेशन्स, म्हणजे पूर्वीची पेक्टेल, तिला २०० पौंड.

यातून "कंत्राटदार सुटतो" हा निष्कर्ष काढू नका. दंड ठरवताना कोर्टाला ऐपत बघावीच लागते. आणि शिक्षेची नवी तत्त्वं त्यानंतर सुमारे साडेचार वर्षांनी आली. पण ग्राहकाने एक गोष्ट लक्षात घ्यावी: रात्री थोडा वेळ द्यायचा, थोडी जागा द्यायची, सकाळी दुकान उघडायचं, आणि मग "काम नीट का नाही झालं" विचारायचं, हे त्या खटल्यात दुकानदाराच्या अंगाशी आलं.

हडसनकाठ

अमेरिकेची बाजू. इथे परवाना राज्याचा, हवेचा कायदा केंद्राचा, कामगारांचा कायदा तिसऱ्याच खात्याचा. म्हणून एकाच कोरड्या पाइपवरून तीन दंड होऊ शकतात.

क्लीन एअर ॲक्टखाली दिवाणी दंड दर दिवशी, दर उल्लंघनाला. महागाईनुसार वाढवून जानेवारी २०२५ पासून कमाल १,२४,४२६ डॉलर. जाणूनबुजून केलं तर ५ वर्षांपर्यंत कैद. कामगार-सुरक्षेच्या ओशा खात्याचा दंड (२०२५ चे आकडे): गंभीर उल्लंघनाला कमाल १६,५५० आणि मुद्दाम किंवा पुन्हा केलेल्याला १,६५,५१४ डॉलर. हवेच्या कायद्याखालचे केंद्राचे नियम किमान २६० फूट लांबीचं पाइप-लॅगिंग किंवा १६० चौरस फूट असलं की पूर्ण लागतात, १० कामकाजाचे दिवस आधी सूचना द्यावी लागते.

न्यूयॉर्क राज्याची पद्धत मला सगळ्यात बोचरी वाटते. पहिल्या उल्लंघनाला ५,००० डॉलर किंवा कंत्राटाच्या रकमेच्या २५ टक्के, जे जास्त असेल तितक्यापर्यंत. ३ वर्षांत पुन्हा सापडला तर २५,००० किंवा कंत्राटाच्या ५० टक्के. दंड कंत्राटाला बांधला की "मोठ्या कामात दंड परवडतो" हा हिशोबच बसत नाही. ब्रिटनने उलाढालीला बांधला, यांनी कामाला.

आणि टोकाचं उदाहरण इथलंच. एएआर काँट्रॅक्टर्स या कंपनीचे अलेक्झांडर साल्वाग्नो आणि त्यांचे वडील राउल यांना डिसेंबर २००४ मध्ये सिरॅक्यूजच्या केंद्रीय न्यायालयाने अनुक्रमे २५ वर्षं आणि साडेएकोणीस वर्षं कैद दिली. दहा वर्षं, दीड हजारांहून अधिक कामं, त्यांत शाळा आणि रुग्णालयंही. कोरडं ओरबाडायचं आणि पळायचं. पण इतकी वर्षं चाललं कसं? हवेचे नमुने "स्वच्छ" म्हणून देणारी प्रयोगशाळा स्वतंत्र असल्याचं दाखवलं जायचं आणि तिच्यात अलेक्झांडर यांची छुपी मालकी होती. नमुने घेतलेच जात नव्हते किंवा बनावट होते.

गच्चीवरची

@हडसनकाठ, नेमकी हीच फट ब्रिटनमध्ये चार टप्प्यांच्या प्रमाणपत्राने बुजवायचा प्रयत्न आहे. जागा परत ताब्यात देण्याआधी मान्यताप्राप्त विश्लेषक हे टप्पे करतो. पहिला: जागेची आणि कागदांची प्राथमिक पाहणी, योजनेतलं सगळं काढलंय का. दुसरा: आत जाऊन, टॉर्च घेऊन, इंच-इंच डोळ्यांनी तपासणी. तिसरा: हवा. ४८० लिटर हवेचा नमुना आणि मिलिलिटरमागे ०.०१ तंतूंपेक्षा कमी. चौथा: एन्क्लोजर उतरवल्यावर शेवटची नजर.

गैरसमज असा की तिसरा टप्पा म्हणजे खरी परीक्षा. दुसरा खरा. मोठ्या खोलीत दुसऱ्या टप्प्याला तास जातात, आणि अहवालात "१५ मिनिटं" लिहिलेलं असेल तर ते प्रमाणपत्र संशयास्पद. स्क्रूच्या भोकात, केबल-ट्रेच्या मागे राहिलेला चुरा हवेच्या नमुन्यात येईलच असं नाही.

आणि विश्लेषकाचे पैसे कोण देतो? एचएसईचा सल्ला असा की ग्राहकाने स्वतः नेमावा. कंत्राटदाराने नेमला तर बेकायदा नाही, पण शुक्रवारी संध्याकाळी नापास करायचं धाडस मग कमी होतं.

वडाची_पारंबी

आणि आपल्याकडे? निसर्ग चक्रीवादळात, जून २०२० मध्ये, रायगड-रत्नागिरीत किती सिमेंटचे पत्रे फुटले. ते उचलणाऱ्याला कुठला परवाना?

तिरका_स्पॅनर

असा परवानाच नाही. भारतात काढणाऱ्यासाठी ब्रिटनसारखी वेगळी परवाना-पद्धत नाही, म्हणून "परवाना रद्द" ही शिक्षाही नाही. पत्रे बनवणं आणि विकणं कायदेशीर आहे. उत्पादनातून निघणारा ॲस्बेस्टॉसचा कचरा २०१६ च्या घातक कचरा नियमांच्या पहिल्या परिशिष्टात आहे. पत्र्यांच्या सुरक्षित वापराला भारतीय मानक ११७६९ आहे. आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९९५ मध्ये कारखान्यांना कामगारांच्या आरोग्य-नोंदी ४० वर्षं किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं, जे नंतर येईल तोपर्यंत, ठेवायला सांगितलं. फुटका पत्रा उचलणारा मजूर यातल्या कशातही नीट बसत नाही.

क्लेमांसो आठवते का? फ्रान्सची विमानवाहू नौका, ॲस्बेस्टॉससकट मोडायला गुजरातमधल्या अलंगला निघाली होती. फेब्रुवारी २००६ मध्ये फ्रान्सने परत बोलावली. शेवटी मोडली कुठे, तर २००९ पासून इंग्लंडात, हार्टलपूलला. म्हणजे अलंगला जे परवान्याशिवाय निघालं असतं ते या धाग्यातल्या परवाना-पद्धतीखाली निघालं.

पत्रा उचलायचाच असेल तर: पाणी मारून ओला, तुकडे न करता, झाडूऐवजी ओलं फडकं, जाड प्लास्टिकचे दोन थर, चिकटपट्टी. ग्राइंडर लावू नका. साधा कापडी मास्क चालत नाही.

पागोळी

माझं गॅरेज राहिलं बाजूला, पण कळलं बरंच. शेवटचा प्रश्न: घरात एआयबी निघालंच तर कंत्राटदाराकडे काय मागायचं? "परवाना आहे" एवढं तोंडी ऐकून कसं चालेल?

गच्चीवरची

परवानाधारकांची यादी एचएसईच्या संकेतस्थळावर खुली आहे. कंपनीचं नाव तिथे अक्षर न् अक्षर जुळवा. "अमुक सर्व्हिसेस" आणि "अमुक ग्रुप" या दोन वेगळ्या कंपन्या असू शकतात. मुदत कधी संपते ते बघा, काम त्याच्या आत संपायला हवं. बजावलेल्या नोटिसा आणि शिक्षाही तिथेच सार्वजनिक नोंदीत सापडतात. मग एएसबी-५ ची प्रत आणि तुमच्याच घराचा नकाशा असलेली कामाची योजना मागा. कचऱ्याची पावती शेवटी येते: आत लाल पिशवी, बाहेर पारदर्शक, आणि पावतीवर पिशव्यांची संख्या. ती तुम्ही मोजलेल्याशी जुळते का बघा.

तिरका_स्पॅनर

एक राहिलं. आंघोळीच्या गाडीचंही वेगळं प्रमाणपत्र असतं, काम संपल्यावर तिची आतून तपासणी आणि हवेचा नमुना घेऊन. खोलीचं प्रमाणपत्र हातात ठेवून गाडी तशीच पुढच्या साइटला हाकणारे असतात. दोन्ही कागद मागा. गाडी अंगणातून हलण्याआधी.